प्रश्नांची पाळी

साठ पोरं मोबाइलमध्ये मान खुपसून बसायची आणि मी तासभर भिंतींना शिकवून घरी यायचे. माझी लेक माझ्याच वर्गात. एकदा जेवताना तीच म्हणाली, "आई, तू एकटीच बोलत असतेस गं. मुलांना प्रश्न विचारू दे, मग बघ."

मी ऐकलं. त्या आठवड्यापासून रोज एक तरी हात वर व्हायला लागला, कधी कधी तर शेवटच्या बाकावरून. मी अशी हुरळून जायचे की एकेका उत्तरात अर्धा तास निघून जायचा. धडे मागे पडले, पण मला त्याची फिकीर नव्हती. जेवढं शिकवलं तेवढंच परीक्षेत विचारायचं, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. उलट स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना सांगत सुटले, "आजकालच्या पोरांना नावं ठेवू नका. त्यांना बोलतं करता आलं पाहिजे."

काल शेवटचा तास संपल्यावर मागच्या बाकाखाली हाताने लिहिलेला एक कागद सापडला. वर्षभराच्या तारखा, प्रत्येक तारखेपुढे एक रोल नंबर आणि त्याने विचारायचा प्रश्न. तळाशी सूचना होती, 'आपली पाळी कुणी चुकवू नका. मॅडम जितक्या बोलत राहतील, तितके धडे परीक्षेतून कमी.'

कागदावर नाव कुणाचंच नव्हतं.



पण ते अक्षर मी लेकीचा हात धरून, पाटीवर गिरवून घेतलं होतं.