मधली खुर्ची

घटस्फोटानंतर आईबाबा एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. आज समुपदेशक मॅडमसमोरही दोघं दोन टोकांना बसले आणि कॉलेजातली लेक मधल्या खुर्चीत.

"सांग तुझ्या बापाला, पोरीच्या झोपेचं खोबरं त्यानेच केलंय!"

लेकीने सवयीने त्यातलं विष गाळलं. "बाबा, आई म्हणतेय, तिला माझ्या झोपेची काळजी वाटते."

"तिला म्हणावं, तोंड आवर, म्हणजे सगळ्यांनाच झोप लागेल!"

"आई, बाबा म्हणतात, तू दमली असशील."

आईने पर्स आपटली. मॅडमनी दोघांनाही दटावलं आणि त्या लेकीकडे वळल्या. "त्यांचं पुरे. तुला काय होतंय, ते सांग बरं."

लेक लगेच सावरून बसली.

"सांगते ना. आईला सांगू, की बाबांना?"