शटरवरचा मार

जायकवाडी धरणाचा तळ उघडा पडला होता आणि शहर मात्र नव्या वसाहतींनी फुगतच चाललं होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. खोटी वाटत असेल तर शटर अजून आहे, जाऊन पोचे बघा.

बजाजनगरातल्या पाण्याच्या टँकरच्या ऑफिसात सुयश कॉम्प्युटरपासून नेटवर्कच्या स्विचपर्यंत दोन वायरी ओढून त्यांची जोडी जमवत होता. एक तुटली तर दुसरीनं सगळा भार उचलायचा. बाहेर तहानलेला जमाव शटर बडवत होता.

"उरक की लेकरा," टँकर सोडणाऱ्या मंजुळाबाई म्हणाल्या. "बुकिंगची लाइन सुरू नाय झाली तर फाडून खातील आपल्याला."

"झालंच मावशी. एक वायर काढून बघतो फक्त."

त्यानं एक वायर उपसली. बाहेरचे निम्मे हात थांबले. उरलेले दुप्पट जोरानं मारू लागले.

सुयशनं फटीतून पाहिलं. निम्मी माणसं हात सोडून, डोळे सताड उघडे ठेवून उभी होती. बाकीच्यांच्या मुठी फुटून हाडं दिसत होती, तरी मार थांबत नव्हता. पत्रा आत वाकला.

"लाव ती परत!"

त्यानं लावली. सगळेच हात पुन्हा सुरू झाले.

"आता दोन्ही उपट, मुडद्या!" मंजुळाबाई किंचाळल्या.

त्यानं दोन्ही उपटल्या. बाहेर चिडीचूप झालं.

"थांबले बघा, मावशी," सुयश हसला. पण रिकाम्या स्विचवरचे दोन्ही दिवे लुकलुकतच होते.

मंजुळाबाईंनी अलगद त्याचं मनगट धरलं. बाहेरच्या सगळ्या हातांचा जोर त्या एका मुठीत उतरला होता; हाडांचा चुरा झाला. मग त्यांनी दुसरा हात त्याच्या गळ्याकडे नेला.