भरला तांब्या

तिसऱ्या वस्तीत शिवकांताबाईंना अर्धा पेला पाणी मिळालं. ते त्यांनी पिऊन घेतलं आणि ती वस्ती मनातल्या मनात बाद केली.

"अर्धाच देते, अम्मा," दारातली साबेरा म्हणाली. "हापशाला नंबर लावावा लागतो. पण रोज दोन घागरी मिळतेत. खोटं कशाला बोलू?"

"बरं बाई," म्हणत शिवकांताबाई रस्त्याला लागल्या. मागोमाग मुलगा सिद्धराम आणि सातवा महिना लागलेली सून रत्नम्मा.

"मला बरी वाटली ही जागा," रत्नम्मा हळूच म्हणाली. "बाई खरं बोलली."

"खऱ्यानं तहान भागती का?" सासूबाईंनी विचारलं. सिद्धराम अशा वेळी नेहमी करतो तेच त्याने केलं. तो चपलेचा अंगठा बघत राहिला.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे कारकून आले. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता. सिद्धराम असाच बदलून आलेला कारकून. गंजगोलाईमागच्या एका खोलीत आई, बायको आणि दोन मुली घेऊन राहत होता. येणाऱ्या बाळाचा पाळणा टांगायला तिथे जागा नव्हती आणि घरमालकीण पाणी पेल्याने मोजून देई. निलंग्याकडची जमीन विकून हातात आलेल्या पैशात एकच घर होणार होतं. ते चुकलं असतं तर दुसरं नव्हतं.

म्हणून शिवकांताबाईंनी कसोटी काढली होती. नव्या वस्तीत जायचं, अनोळखी दार वाजवायचं आणि प्यायला पाणी मागायचं. किती मिळतं त्यावरून वस्ती ओळखायची. ही युक्ती अख्ख्या मराठवाड्यात आपल्यालाच सुचली, असं त्यांना मनापासून वाटे. घरातले कुणी त्यांना उलट सांगायच्या भानगडीत पडत नसत.

औसा रोडला गाव संपल्यावर ईश्वरप्पाने पत्र्याची आठ-दहा घरं विकायला बांधून ठेवली होती. कपाळावर भस्म, बोलणं नरम. जागा, दारं, खिडक्या त्याने नीट दाखवल्या.

"पाण्याचं मी काय सांगणार न्हाई," तो म्हणाला. "इकणारा चांगलंच सांगतो. तुमीच इचारा कुनाला बी. मी हितं लिंबाखाली थांबतो."

शिवकांताबाईंना माणूस आवडला. लोक राहायला आलेली घरं दोनच होती. एकाला कुलूप होतं. दुसऱ्याचं दार उमाबाईने उघडलं. तीसएक वर्षांची, पदर नीट घेतलेली.

"बाई, घोटभर पाणी मिळंल का?"

"घोटभर का? या की आत. आधी पाय धुवा."

पाय धुवा! त्या वर्षी लातुरात हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. उमाबाईने पायांवर पाणी घातलं, मग काठोकाठ भरलेला तांब्या पुढे केला. तिची लहान पोरगी तांब्याला हात लावायला आली, तर तिने तिचा हात मागे ओढला.

"पाव्हण्यांचं हाय ते."

"काय वळण हाय लेकराला!" शिवकांताबाई म्हणाल्या. रत्नम्माने तेव्हा पोरीकडे बघितलं, पण पोटातलं बाळ फिरलं आणि तिचं लक्ष तिकडे गेलं.

आठवड्याभरात व्यवहार झाला. महिन्याभरात सामान आलं.

पहिल्याच सकाळी रत्नम्मा घागर घेऊन वस्तीच्या विहिरीवर गेली. तळाला चिखल होता, तोही भेगा पडलेला.

शिवकांताबाई तशाच उमाबाईच्या दारात उभ्या राहिल्या. एवढं मोठ्याने त्या आयुष्यात कुणाला बोलल्या नव्हत्या. "आमच्या पोटुशा पोरीला फसवलंस! तुला लेकरूबाळ हाय का न्हाई?"

"त्या दिशी होतं पाणी," उमाबाई एवढंच म्हणाली. मग पदर तोंडाला लावून आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

संध्याकाळपर्यंत शिवकांताबाईंचा राग उतरला आणि त्या सुनेजवळ येऊन बसल्या. "घरातलं शेवटचं पाणी दिलं असंल गं तिनं. दारात आलेल्याला न्हाई म्हणवलं न्हाई. आन् मी काय काय बोलून आले."

त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. उमाबाईला त्याने आणखीच रडू फुटलं.

सिद्धराम रोज पहाटे सायकलला घागर बांधून साबेराच्या वस्तीतल्या हापशावर जाऊ लागला. तिथले लोक बिचारे त्याला रांगेत उभं राहू देत. "तुझं ऐकायला पायजे होतं," असं तो एकदा रत्नम्माला म्हणाला. ती भाकरी थापत राहिली.

वैशाखात तिसरी मुलगी झाली. एका सकाळी बाळाच्या अंगावर घामोळं उठलेलं, चार दिवस आंघोळ नाही. नवरा हापशावर नंबर न लागल्याने परस्पर कचेरीत गेलेला, सासूबाई मुलींना घेऊन टँकरच्या मागे. रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन रत्नम्मा एकटी फेऱ्या मारत होती, तेव्हा दारात बैलगाडी थांबली. गाडीतल्या पिंपातून ईश्वरप्पाने दोन घागरी भरल्या आणि उंबऱ्याशी आणून ठेवल्या.

"हे काय?" रत्नम्माने विचारलं.

"दुपारी नांदेडचं एक बिऱ्हाड घर बघाया यायलंय, ताई. आजकाल समदे पाणी मागूनच बघतेत. तुमी हसून पाय धुवा म्हणायचं आन् तांब्या भरून द्यायचा, बस. उरलेलं तुमचं. हर गिऱ्हाइकाला दोन घागरी. उमाबाई वर्षभर करायली होती. पर तुमच्या सासूबाई माफी मागून गेल्या, तवापासून न्हाई म्हणायलीय."

रत्नम्माने बाळाला खाली ठेवलं आणि दोन्ही घागरी आत घेतल्या.