साधी डोकेदुखी

वेंगुर्ल्याच्या घरात दहा वर्षांच्या शाल्मलीला दुसऱ्यांदा उलटी झाली आणि ती डोकं धरून पडवीतच बसली. तिच्या आईने, सुलक्षणाने, गाडीची किल्ली उचलली. शाल्मलीच्या मेंदूत साठणारं पाणी एका बारीक नळीतून पोटात उतरत असे, आणि नळी तुंबली की सुरुवात अशीच व्हायची. मागच्या वर्षी याच लक्षणांवरून तिला घाट चढून कोल्हापूरला नेलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पाहिलं, तर नळी ठीकच होती. तेव्हाच त्यांनी कानामागे, नळीत, पाणी वाहतंय की नाही ते फोनवर दाखवणारा तांदळाच्या दाण्याएवढा प्रवाहमापक बसवला.

"आई, आधी बघ तरी," शाल्मली कण्हत म्हणाली.

सुलक्षणाने फोन तिच्या कानामागे धरला. पडद्यावर आधी नुसतीच सपाट रेघ आली. मग ती हळूहळू वर चढली आणि संथ लयीत चालू लागली. कोल्हापुरात डॉक्टर पाटणकरांनाही तीच रेघ दिसत होती.

"पाणी छान वाहतंय," ते फोनवर म्हणाले. "निघू नका. आज हिने खाल्लं काय?"

शाल्मलीने मान खाली घातली. "काजूची बोंडं. बागेत, उन्हात बसून. पोटभर."

मुलीला कुशीत घेऊन सुलक्षणा रडली, मग डोळे पुसून कडाडली, "अक्कल आहे का तुला? उपाशीपोटी बोंडं खातात?"

लेक आजारी असताना आई आजवर कधीच रागावली नव्हती. दुखऱ्या डोक्यानेही शाल्मलीला हसू फुटलं.