पाटावरचा कंट्रोलर

“तो कंट्रोलर पाटावरून उचल, अक्षया,” व्यंकटेश म्हणाला. “सरस्वतीपुढे खेळणी मांडत नाहीत.”

गंध उगाळता उगाळता वत्सलाबाईंचा हात थांबला. आयुधपूजेचा पाट मांडून झाला होता. व्यंकटेश पॉलिटेक्निकात जमिनीची मोजणी शिकवायचा. त्याची मोजपट्टी आणि होकायंत्र होतं. सून कविता ब्लाउज शिवायची. तिची मोठी कात्री होती. वत्सलाबाईंची विळी होती. गेल्या वर्षी त्यांनी मोठ्या भक्तीने कॉफीचा फिल्टर ठेवला होता. पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही, असा नेम. सगळ्या घराने कपाळ धरून दिवस काढला. यंदा म्हणून विळी.

“खेळणं नाही अप्पा, हत्यार आहे माझं,” अक्षया म्हणाली. “पगार यावरच येतो.”

“खेळायचं आणि मत द्यायचं, हे काम? कुंभकोणम्‌च्या बस स्टँडवर माणसं दिवसभर फुकट मतं देतात. उद्या विजयादशमी आहे. सकाळी बँकेच्या परीक्षेच्या क्लासात जाऊन बस. नाव घातलंय मी.”

अक्षयाने कंट्रोलर उचलला नाही. आज पाटावर जे बसतं तेच उद्या मुहूर्तावर पहिल्यांदा हाती घ्यायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कंट्रोलर राहिला तर काम टिकलं. उचलला तर क्लास. क्लासचं निघाल्यापासून दोन दिवस ती धड जेवली नव्हती.

तिचं काम घरात खरं कळत होतं ते वत्सलाबाईंना. चेन्नईची एक कंपनी बाजारात न आलेले व्हिडिओ-खेळ तिच्याकडे पाठवी. कुठं अडतं, कुठं कंटाळा येतो, ते ती खेळून कळवी. दुपारी व्यंकटेश जेवायला घरी येई आणि मग वर तिच्या खोलीत आडवा होई, कारण एसी तिथंच होता. त्या वेळात अक्षया आजीजवळ येऊन बसे आणि मतांची पोतडी उघडे.

“शेतीचा खेळ सुरेख आहे, आजी. पण भात दोन दिवसांत पिकतो.”

“मग तो भात नव्हे, कोथिंबीर असेल.”

“शर्यतीचा बरा आहे. गाड्या झकास, रस्ते अगदी मोकळे.”

“मोकळ्या रस्त्यात कसली आली शर्यत? मध्ये एखादी गाय नको का बसायला?”

अक्षयाने तसं कळवलं. पुढच्या खेपेला रस्त्यात खरोखरच गाय बसली होती, रवंथ करत. वत्सलाबाईंनी ती दोनदा बघितली.

अशा वेळी त्यांना माहेरचा ओटा आठवे. पल्लांगुळीचा लाकडी पट, त्यातले खळगे, चिंचोक्यांचा खुळखुळ. तंजावरहून आत्याबाई आल्या की खेळ अर्धा तास आणि त्याच्यावरची चर्चा दिवे लागेपर्यंत. मन्नारगुडीच्या बायका खेळतात तो खेळच नव्हे, असं आत्याबाईंचं ठाम मत होतं. त्यांना कोणी क्लासात घातलं नाही.

नव्या खेळाबद्दल मात्र अक्षया ओठ मिटून होती. “त्यात एक देऊळ आहे, आजी. पुढचं बोलायची परवानगी नाही. माझ्याशिवाय अजून कोणी पाहिलाही नाही.”

“बरं, सेरी,” पाटाकडे बघत व्यंकटेश आता आवाज खाली आणून म्हणाला. “ठेवायचंच असेल तर लॅपटॉप ठेव. टीव्ही पूस, त्याला हार घाल. फक्त हा बाहेर राहू दे.”

“म्हणजे काम आहे हे कबूल?” अक्षयाने विचारलं.

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंत?” कविता म्हणाली. “उजव्या हाताला सोडून डाव्याला गंध लावायचं?”

सगळ्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी सहाण बाजूला ठेवली.

“व्यंकटेशा, तुझे अप्पा नाटकाचे पडदे रंगवायचे. त्यांचे कुंचले तुझ्या आजोबांनी याच पाटावरून उचलले. हे काय काम आहे, म्हणाले. तेव्हा मी नवी सून होते. आता पाट माझा आहे.”

त्यांनी कंट्रोलरला गंध लावलं, कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. अक्षयाचा चेहरा उजळला. आरती झाली, हरभऱ्याचं सुंडल वाटलं गेलं, स्कूटरच्या चाकाखाली लिंबं चिरडली. अक्षया पोटभर जेवली. व्यंकटेशने पायसम दुसऱ्यांदा घेतलं नाही.

वत्सलाबाईंच्या जिवाला ते लागलं. लेकीदेखत बापाला खाली पाहायला लावलं की काय? दुपारी तो वर आडवा व्हायलाही गेला नाही. झोपाळ्यावर बसून पाटाकडे बघत राहिला. एकदा उठला, पाटाजवळ गेला, फुलाखालचा कंट्रोलर वाकून पाहिला आणि हात मागे बांधून परत आला.

वत्सलाबाई कॉफी घेऊन गेल्या.

“क्लासचं मनाला लावून घेऊ नकोस रे.”

“क्लासचं नाही, आई. अक्षयाला बोलाव.”

अक्षया आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. आता काय ऐकावं लागणार, म्हणून वत्सलाबाईही तिथून हलल्या नाहीत.

व्यंकटेशने कॉफीचा घोट घेतला. मान वर न करता म्हणाला,

“तुझ्या कंपनीला कळव. देवळातला तो हत्ती तिसऱ्या दारात वळतच नाही. काल दुपारपासून मी बिचाऱ्याला तिथंच उभा ठेवलाय.”