न्यूमोनिया

आई न्यूमोनियाने गेली, असं मी सासरी सांगितलं होतं. आईने एचआयव्ही लपवला तो फक्त त्यांच्यापासून, माझ्यासाठी. दवाखान्यात नव्याने येणाऱ्या बायकांना ती म्हणायची, “आजार झालाय, चोरी नाही केलीस.” समाचाराला आलेल्यांत एक अनोळखी बाई होती. माझे हात धरून ती रडली. “ताईंमुळे मी आज उभी आहे.” सासूबाईंनी कान टवकारले. “तुमची ओळख कुठली हो?” माझी बोटं तिच्या हातावर आवळली. तिने माझ्याकडे पाहिलं. “शिवणाच्या क्लासमधली.” “अगंबाई! विहीणबाईंना तर साधं बटण लावता येत नव्हतं!” “म्हणून तर यायच्या,” बाई म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसले. तिला सोडायला दारापर्यंत गेले. चपला घालताना ती म्हणाली, “खोटं सांगायची सवय ताईंनीच सोडवली होती. आज पुन्हा बोलले.” मी मागे बघत म्हणाले, “हळू बोला.”