शहाणा कळप

आजही कळप जागचा हलला नाही, आणि हादनेचा जीव टांगणीला लागला.

खरं तर तिने आनंदाने नाचायला हवं होतं. टुंड्रात अळंब्यांचा मोसम म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या नेनेत्स माणसाच्या डोक्याला नसता ताप. पाऊस पडतो, शेवाळातून अळंब्या डोकी वर काढतात, आणि एरवी मुकाट चालणारे रेनडिअर पिसाळतात. एकाच्या नाकाला वास लागायचा अवकाश, सगळा कळप उधळलाच. माणसं स्वतः अळंबीला हात लावत नाहीत, ते जनावरांचं खाणं. पण त्या खाण्यापायी धावून धावून माणसांच्या पायांचे तुकडे पडतात, आणि चुकलेली जनावरं परक्याच्या कळपात नाहीतर लांडग्याच्या पोटात जातात.

त्यातून यंदा हादनेचा नवरा इल्को पाय मोडून शहरातल्या दवाखान्यात पडलेला. कळप तिच्या गळ्यात आला होता. "ही कसली सांभाळतेय! पहिल्या पावसात कळप फुटतो की नाही बघा," असं सासू येपताने सगळ्यांदेखत ऐकवलं होतं.

पाऊस पडून गेला. कळप फुटला नाही. नदीकाठच्या हिरव्यागार कुरणात गरीब गाईसारखा उभा राहिला.

"वहिनी, जनावरांना काय मंतर घातलात?" धाकटा दीर वास्को हसत म्हणाला. "तोच जरा माझ्या बायकोवर टाका की!"

सासूही विरघळली. "इल्कोपेक्षा बरी सांभाळतेस गं," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून हादनेबद्दल असा शब्द कधी निघाला नव्हता. "आता बर्फ पडेपर्यंत इथंच राहू. राहायची चूम इकडेच हलव."

हादने सुखावली, नाही असं नाही. पण आतली धाकधूक जाईना. जनावरं मधूनच नाक वर करत, वारा हुंगत, आणि पुन्हा मान खाली घालत. गवताला तोंड लावत आणि अर्धवट चघळून सोडून देत. एका मादीच्या पाठीवरून तिने हात फिरवला. एव्हाना अळंब्या खाऊन तिथे चरबी दाटायला हवी होती. हाताला मणके लागले. चरबीशिवाय माद्या हिवाळा काढत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

चूम, म्हणजे कातड्यांचा तंबू, उभारणं बायकांचं काम. चुलीची जागा करायला तिने सुरी घातली, आणि गोधडी उचलावी तसा गवताचा अख्खा थर हातात आला. मुळं खाली गेलीच नव्हती. खाली काळी, चिकट माती, आणि तिला रॉकेलसारखा वास.

काही वर्षांपूर्वी इथे तेलाची मोठी नळी फुटली होती. कंपनीच्या लोकांनी यंत्रांनी जमीन खरवडली, वर माती पसरली, गवत पेरलं. मग यंदा उन्हाळ्यात येऊन सांगून गेले, जमीन पहिल्यासारखी झाली, खुशाल चरवा. हिरवंगार दिसत होतं, म्हणून कुणी शंका घेतली नाही.

हादनेने तीन-चार ठिकाणी खणून पाहिलं. टुंड्रात कुठेही शेवाळ उचललं की खाली मुळांना बिलगलेलं बुरशीचं पांढरं जाळं दिसतंच. जन्मभर चुमा उभारताना ते तिच्या नखांत अडकत आलं होतं. त्या जाळ्यातूनच अळंब्या वर येतात. इथे एक धागा नव्हता. इथे अळंबी येणारच नव्हती, आणि कळपाला ते कधीच कळलं होतं.

ती सरळ सासूकडे गेली.

"आत्याबाई, कळप नदीपार न्यायचा. आजच."

"वेड लागलंय का? आत्ता कुठं तुझं नाव झालंय. पलीकडे अळंब्या असतील. कळप फुटेल, तुला आवरायचा नाही."

"फुटू दे."

येपता उठली आणि आदळआपट करत सामान बांधू लागली. तिचा राग असाच असे.

जनावरं नदी पोहून पार झाली. पलीकडचा उतार ठेंगण्या भूर्जांनी लालसर झाला होता. कळप चालू लागला, तसाच, मुकाट. हादने मागोमाग निघाली. तेल इथवर झिरपलं असेल तर? जनावरं चालत होती. एकही नाक वर होईना. पळा, ती मनात म्हणत होती, पळा रे बाबांनो. आयुष्यभर याच पळण्याच्या धास्तीने तिची झोप उडाली होती.

उताराच्या मध्यावर म्होरक्या थबकला. नाकपुड्या फुगल्या. त्याने एक झेप घेतली, आणि पाठोपाठ सगळा कळप उधळला. शिंगांची खडखड, कुत्र्यांचा गलका, चिखल उडतोय, कोण कुठे गेलं पत्ता नाही. वास्को लांब काठी उगारून आडवा धावला. हादनेने त्याचा हात धरला.

"अडवू नका, भाऊजी!"

येपता सामानाच्या बिनचाकी स्लेजवर मटकन बसली. "गेला गं कळप! इतका शहाण्यासारखा राहिला होता, आणि तू स्वतःच्या हाताने घालवलास!"

हादनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती.

"शहाणा कसला, आत्याबाई," ती म्हणाली. "उपाशी होता तो."